रुखवतातले चमचे

निखिलला मी फोनवर खरं सांगितलं नाही. तो त्या दिवशी पानिपतला होता. तिथल्या ब्लँकेटच्या कारखान्यांना त्याची कंपनी सॉफ्टवेअर पुरवते, आणि परतीचा सगळा हायवे त्याला एकट्याला गाडी चालवत यायचा होता. मी म्हटलं, "अप्पांना बरं वाटत नाहीये, तू ये. पण हळू चालव, घाई नाही." घाई खरोखरच उरली नव्हती. अप्पा, म्हणजे माझे सासरे, बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. कॉल संपवून त्यांचा कप उचलायला गेले तर चहा तसाच होता, वर साय धरलेली. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई धावत आल्या, त्यांनी तपासलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बहुत शांति से गए हैं." मी त्यांना चहा घेणार का विचारलं. अशा वेळी आपण काय बोलू ते आपल्यालाही ठाऊक नसतं...

माझी एवढी काळजी फुकटच गेली, कारण निखिल पोहोचला तेव्हा सोसायटीच्या गेटवरच्या गार्डने त्याला सगळं सांगून टाकलं होतं. वर आल्यावर तो अप्पांजवळ बराच वेळ बसला आणि मग मला एवढंच म्हणाला, "तू मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू गाडी चालवत होतास." त्याने मान हलवली. त्याला पटलं असावं. पण अप्पांची आणखी एक गोष्ट मी त्याच्यापासून त्याआधी बरेच दिवस लपवली होती. आता ती त्याला कळली आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

अप्पा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव साताऱ्याकडचं, पण नोकरीतली शेवटची वर्षं दिल्ली छावणीत गेली आणि नंतर त्यांनी पालमला लहानसं घर बांधलं. सासूबाई गेल्यावर ते घर बंद करून ते आमच्याकडे गुरुग्रामला राहायला आले. सामान म्हणजे एक ट्रंक, दोन बॅगा आणि जुन्या चादरीत गुंडाळलेल्या मासे पकडायच्या काठ्या. मी पुण्याची, शाकाहारी घरातली. मासा मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो लग्नानंतर, सासूबाईंच्या ताटात. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. लोकांच्या कामातल्या चुका शोधायच्या हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि निखिलच्या मते तोच माझा स्वभावही. असा सासरा आणि अशी सून चौदाव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये दिवसभर समोरासमोर, निखिल आठवड्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. सुरुवातीला आमचं बोलणं 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' यापलीकडे जात नव्हतं.

ते बदललं चमच्यांमुळे. माझ्या लग्नात आईने रुखवतात स्टीलच्या चमच्यांचा एक जाडजूड संच मांडला होता. भरतकाम आणि मोत्यांच्या महालांच्या गर्दीत कामाची वस्तू तेवढी एकच होती. अप्पा आल्यापासून त्यातले चमचे कमी व्हायला लागले. आधी एक गेला, मग दुसरा. मी सिंक पाहिलं, कचऱ्याचा डबा उपसला, शेवटी निखिलवर आळ घेतला की तू डब्याबरोबर नेतोस आणि ऑफिसात विसरतोस. तो म्हणाला, "यार, मी पोळीने खातो." एरवी मी घरूनच काम करायचे, पण एक दिवस ऑफिसात जावं लागलं आणि लवकर परत आले तर बाल्कनीतून कानस घासल्याचा आवाज येत होता. अप्पा खाली वर्तमानपत्र पसरून बसले होते आणि त्यांच्या हातात माझा चमचा होता, दांडी कापलेला. मी दारात उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं, चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं नावही नाही. म्हणाले, "आलीस? अच्छा झालं. लाल नेलपॉलिश आहे का तुझ्याकडे?"

मला राग आला होता, पण नेलपॉलिश मी आणून दिलं. का दिलं ते अजून कळलेलं नाही. अप्पांनी चमच्याच्या पोटावर एक लाल ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत मला समजावून सांगितलं. दांडी कापलेल्या चमच्याला दोन्ही टोकांना भोक पाडायचं, पुढच्या भोकात कडी घालून दोरी बांधायची, मागच्या भोकात तीन तोंडांचा गळ अडकवायचा. पाण्यात लांब फेकून हळूहळू ओढला की तो डुलत, चमकत येतो आणि मोठ्या माशाला वाटतं की एखादा जखमी लहान मासा पळतोय. पहाडात पोस्टिंग असताना एका साहेबाने हे त्यांना शिकवलं होतं. तेव्हा मेसमधले चमचे नाहीसे होत. "तुझ्या आईने चमचे पारखून घेतलेत हं," ते म्हणाले. "आजकालचे चमचे म्हणजे नुसता पत्रा. पाण्यात सरळ येतात, डुलत नाहीत. हा बघ, याच्या पोटात वजन आहे." मी हे आईला फोन करून सांगितलं. आई खूप हसली आणि मग काळजीने म्हणाली, "अगं, पण तुम्ही जेवता कशाने?"

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर करोल बागेत जायला लागले. सामान आणायला ते तिथेच जात. सोनारांना हत्यारं विकणाऱ्या एका दुकानात त्यांना बारीक ड्रिल आणि पकडी मिळत, आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत पितळेचा पत्रा, छोट्या कड्या. रीळ, दोरी आणि तयार आमिषं विकणारा एक म्हातारा दुकानदार त्याच बाजूला एका जिन्याखाली बसायचा. त्याच्या काचेच्या कपाटात जपानी, चिनी, कुठकुठल्या रंगीत प्लास्टिकच्या मासोळ्या टांगलेल्या असायच्या, डोळे बसवलेल्या, शेपट्या हलणाऱ्या. मी साहजिकच सगळ्यात देखणी उचलली. अप्पांनी ती माझ्या हातातून घेऊन परत टांगली. "दुकानात उभं राहून आपल्याला काय आवडतं ते बघू नकोस. डोळे मिट आणि पाणी आठव. पाणी गढूळ आहे का नितळ? शेवाळ किती आहे? ऊन आहे का ढग आहेत? मग हात आपोआप जातो तिकडे."

मला माझ्या कामातले लोक आठवले. वापरणारा कोण आहे हे न पाहता बटणांचे रंग निवडत बसतात. अप्पांचे नियम मला एकदम समजले, कारण त्यांना कारणं होती. गढूळ पाण्यात पितळी चमचा, कारण त्याची पिवळी चमक चिखलातही दिसते. नितळ पाण्यात स्टीलचा, तोही लहान. पाण्यावर शेवाळ आणि जलपर्णी असेल तर चमचा नाही, रबराचा बेडूक. दोरी फार जाड घ्यायची नाही. "जाड दोरीने चमचा मरतो," ते म्हणत. पण चमच्याच्या अलीकडे वीतभर बारीक तार हवीच, कारण मरळीला दात असतात. मरळ म्हणजे आपल्याकडच्या तळ्यांतला शिकारी मासा, लांबट, काळसर, सापासारख्या डोक्याचा. हरयाणात त्याला सौल म्हणतात. ती शेवाळात दबा धरून बसते, मधूनच हवा घ्यायला वर येते, आणि पावसाळ्यात पिल्लं झाली की त्यांची राखण करते. तेव्हा तिच्या समोर काहीही टाकलं तरी ती अंगावर येते. म्हणून पावसाळ्यात अप्पा आमिषांची पेटी बंद ठेवत. "आईला चिडवून पकडायची, ह्यात काय शिकार आहे," एवढंच त्यांचं म्हणणं.

झज्जरच्या रस्त्याला एका गावाबाहेर मोठा जोहड आहे, म्हणजे गावतळं. एका ठेकेदाराने तो रोहू-कतल्यासाठी घेतला आहे. मरळी त्याची मत्स्यबीजं खातात, म्हणून अप्पांना तिथे खुली परवानगी होती. "सौल जितनी मर्ज़ी निकालो, सुबेदार साहब." अप्पा शनिवारी सकाळी बस आणि रिक्षा करत एकटेच जात आणि जेवायला परत येत. हात हलवत येत, पण खुशीत येत. निखिल घरी असला की विचारायचा, "काही मिळालं?" अप्पा "नाही" म्हणत आणि हात धुवायला जात. निखिलला ते टोचायचं. मी त्याला म्हटलं की न मिळायला काय झालं, आपण काय त्याच्यावर जगतो? तर तो म्हणाला, "तुला माहीत नाही. क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा अप्पा गेले आणि रिकामे आले असं कधी व्हायचं नाही. अख्ख्या लाइनला मासे वाटायचे. शेजारच्या काकू आधीच मसाला वाटून ठेवायच्या."

मग ते एकदा घरी आलेच नाहीत. जेवणं थांबवून आम्ही वाट पाहत होतो. पालमच्या जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला की सुभेदारसाहेब इथे येऊन बसलेत, बंद घराच्या पायरीवर, काठ्या घेऊन, आणि वहिनी, म्हणजे माझ्या गेलेल्या सासूबाई, बाजारातून यायच्या आहेत म्हणतायत. आम्ही जाऊन त्यांना घेऊन आलो. गाडीत बसल्यावर ते भानावर आले, खिडकीबाहेर बघत राहिले, आणि म्हणाले, "आज जरा घोटाळा झाला." डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की विस्मरणाची सुरुवात आहे, हळूहळू वाढेल, लक्ष ठेवा. निखिलने त्याच संध्याकाळी काठ्या माळ्यावर टाकल्या.

मला निखिलची बाजू कळत होती. आई गेलेली, वडील असे, आणि आपण दौऱ्यावर. पण काठ्या माळ्यावर गेल्यापासून अप्पा टीव्हीसमोर बसायला लागले. टीव्हीवर काय लागलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. जेवणावरची वासना गेली. मी मध्ये पडले. म्हटलं, मी नेते दर शनिवारी गाडीने, मी थांबते तिथे, मी आणते. निखिल म्हणाला, "मृणाल, त्यांना आता जमत नाही हे तुला दिसत नाही का? त्या दिवशी पालमला जाऊन बसले त्याच्या आधीसुद्धा काही मिळत नव्हतं. ज्या माणसाने कधी रिकामी फेरी मारली नाही, त्याला वर्षभर एक मासा लागत नाही. डोकं तेव्हापासूनच जायला लागलं होतं, आपल्याला कळलं नाही. आता पाण्याच्या काठावर एखाद्या दिवशी पाय घसरला म्हणजे?" मी म्हटलं, "मी आहे ना." शेवटी तो कबूल झाला, पण अटीवर. जोपर्यंत अप्पा तिथे जाऊन काही करतायत असं दिसतंय तोपर्यंत. नुसतं पाण्याकडे बघत बसायला लागले तर बंद. अप्पांचं बाहेर पडणं आता ह्या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं, आणि मला ती गोष्ट तपासायची होती.

पहिल्या शनिवारी मी फोल्डिंगची खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी बसले आणि नीट पाहिलं. जोहडाचं पाणी म्हशींनी ढवळून काढलेलं होतं. अप्पांनी पेटी उघडली, पाण्याकडे पाहिलं, पितळी चमचा उचलला. दोरीला गाठ मारली नाही, टोकाला सेफ्टी पिनेसारखी एक बारीक पिन होती, तीत अडकवला. पहिल्या दोन फेकी मोकळ्या आल्या. तिसऱ्या फेकीला शेवाळाच्या कडेला पाणी फुटलं, काठी वाकली, मी खुर्चीतून उठलेच. अप्पांनी काहीच केलं नाही. काठीचं टोक हळूच खाली केलं, दोरी सैल पडली, आणि ते माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, झालं, निखिल म्हणत होता ते खरं आहे, मासा लागल्यावर झटका द्यायचा हेच हे विसरले. मग चमचा काठाला आला. मी तो हातात घेतला. मागच्या कडीत गळ नव्हता. गळाच्या जागी लाल लोकरीचा एक तुरा बांधलेला होता.

मी पेटी पुढे ओढली. चमचे, बेडूक, एकूण एक आमिष पाहिलं. कशालाच गळ नव्हता. बेडकांचे तर पकडीने कापून टाकले होते.

"अप्पा, हे काय आहे?"

त्यांनी काठी खाली ठेवली. मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं थरथरत होती. घरात हे दिसायचं नाही, कारण घरात ते चमचा कापताना गुडघ्यांत दाबून धरत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरत आणि एरवी हात मांडीखाली ठेवून बसत. मला वाटायचं थंडीमुळे बसतात तसे. "पालमला राहत होतो तेव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "मोठी मरळ लागली होती. गळ घशात गेला. पूर्वी मी डोळे मिटून काढायचो, माशाला कळायचंसुद्धा नाही. त्या दिवशी बोटं ऐकेनात. पकड आत घातली की सटकायची. खूप वेळ गेला... ती माझ्या हातातच मेली, आणि घरी नेऊन खायला जीव होईना. मग मी म्हटलं बास." चमचा त्यांनी माझ्याकडून घेतला आणि शर्टाला पुसला. "पण ती येते की नाही ते बघायचंच असतं ना. आपण निवडलेला चमचा तिला खरा वाटला, ती आली, तिने धरला. संपलं. त्यापुढचं काम आता माझं नाही."

मी म्हटलं, निखिलला सांगूया, त्याला वाटतंय तुमचं डोकं गेलं. त्यावर ते म्हणाले, "डोक्याचं डॉक्टरने सांगितलंच आहे, ते त्याला कळलंय. त्यात आता हातांचं नको. हात गेलेत म्हटलं की तो मला जेवणसुद्धा भरवायला लागेल. मासा मिळत नाही असंच वाटू दे त्याला. तू बोलू नकोस." सूनबाई नाही, मृणाल नाही, नुसतं 'तू बोलू नकोस.' मी नाही बोलले. निखिलला एवढंच सांगितलं की अप्पा तिथे अगदी व्यवस्थित असतात, मी स्वतः पाहिलंय. ते शंभर टक्के खरं होतं. ठेकेदाराने मात्र एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "मैडम, बुरा मत मानना, अंकलजी से अब ना होता." मी म्हटलं, "कोई बात नहीं जी, आदत है उनकी." 

पुढचे शनिवार मला फार आवडले हे सांगून टाकते. अप्पांना नावं आठवेनाशी झाली. मला ते दोनदा सासूबाईंच्या नावाने हाक मारून गेले. जोहडाचा रस्ता ते दर वेळी पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत. पण काठाला उभे राहिले की पाण्याकडे पाहून हात बरोबर चमच्यावर जायचा. मी आधी मनात माझं उत्तर ठरवायचे आणि मग त्यांचं बघायचे. सुरुवातीला चुकायचे, नंतर निम्मं-निम्मं यायला लागलं. एकदा मी हौसेने ऑनलाइन एक महागडी मासोळी मागवली, हुबेहूब, खवले रंगवलेली. अप्पांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. दाराला लावू." तरी माझं मन राखायला त्यांनी ती अर्धा तास ओढली. मरळींनी ढुंकून पाहिलं नाही. माझ्या आईच्या चमच्याला मात्र त्या दिवशीही दोनदा धरलं, आणि अप्पांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

मग तो शनिवार आला. रात्री पाऊस पडून गेला होता, अवकाळी, आणि जोहड नुसता चहासारखा झाला होता. अशा पाण्यात पितळी चमचा, हे आता मीसुद्धा झोपेत सांगितलं असतं. अप्पा पेटी उघडून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांनी मला विचारलं, "काय घेऊ गं?" मी म्हटलं, "पितळी?" ते म्हणाले, "बिल्कुल," आणि स्टीलचा उचलून पिनेत अडकवला. मी पाहिलं. बोलावंसं वाटलं, पण ते इतक्या विश्वासाने काठावर गेले की मी नुसती खुर्ची मांडली. सकाळभर ते फेकत राहिले. पाणी एकदाही हललं नाही. मला रडू आलं आणि मी ते गाडीतून पाण्याची बाटली आणण्याच्या निमित्ताने तिकडे जाऊन आवरलं. घरी आलो तर निखिल दारातच होता. "काही मिळालं?" त्याने नेहमीसारखं विचारलं. अप्पा "नाही" म्हणाले. ते उत्तर त्या दिवशी पहिल्यांदा खरं होतं.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी ते गेले.

दिवसवार झाले, सातारचे नातेवाईक परत गेले, घर पुन्हा शांत झालं. एका रविवारी निखिलने अप्पांची खोली आवरायला घेतली. कपडे वेगळे केले, ट्रंक रिकामी केली, आणि पेटी घेऊन स्वयंपाकघरात आला. म्हणाला, ही त्या ठेकेदाराला देऊन टाकू, कुणीतरी वापरेल. मग त्याने ती ओट्यावर उघडली आणि एकेक चमचा बाहेर काढायला लागला. त्याचा चेहरा बदलत गेला. "मृणाल," तो म्हणाला, "हे बघ. एकालाही गळ नाही." आणि मग तो खाली स्टुलावर बसला. "म्हणजे इतकं झालं होतं. गळ लावायलासुद्धा विसरत होते. आणि मी दर वेळी विचारत होतो, मिळालं का, मिळालं का..."

मी पोळ्या लाटत होते. अप्पांनी मला बोलू नको म्हटलं होतं, ते हातांचं कळलं तर निखिल त्यांना भरवायला लागेल म्हणून. आता ते हात नव्हते आणि भरवायला तो माणूसही नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला राग आला. निखिलचा नाही, पण त्या 'विसरत होते'चा आला. गॅस बंद केला आणि म्हटलं, "विसरले नव्हते. काढले होते." मग सगळं सांगितलं. ती घशात गळ गेलेली मरळ, ती बोटं, तो लाल लोकरीचा तुरा, ठेकेदार काय म्हणायचा ते. त्या स्टीलच्या चमच्याच्या शनिवारचंही सांगितलं, कारण अर्धं सांगण्यात अर्थ नव्हता.  एक चमचा हातात घेऊन निखिल अंगठ्याने त्याचा लाल ठिपका चोळत बसला. शेवटी म्हणाला, "हे तुझं नेलपॉलिश आहे ना?" मी हो म्हटलं. त्या दिवशी आम्ही जेवायला फार उशीर केला.

पेटी ठेकेदाराला द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या शनिवारी सकाळी मी उठले तर निखिल बूट घालून तयार होता आणि चादरीत गुंडाळलेल्या काठ्या दाराशी होत्या. जोहडावर पोहोचलो तेव्हा म्हशी नुकत्याच बाहेर निघत होत्या. निखिल पेटी उघडून पाण्याकडे बघत राहिला. मी मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं. त्याने पितळी चमचा उचलला. लहानपणी कधी पाहिलेलं हातात राहिलं असेल, मी विचारलं नाही. पहिली फेक जलपर्णीत गेली, दुसरी त्याच्या स्वतःच्या टोपीवर. मी हसले, तोही हसला. नंतर जमायला लागलं. ऊन वर आलं आणि मी आता निघूया म्हणणार, तेवढ्यात शेवाळाच्या कडेला पाणी फुटलं आणि काठी वाकली. निखिलने दोन्ही हातांनी झटका दिला. चमचा पाण्यातून उडून आमच्या पायाशी येऊन पडला, तुऱ्याची लोकर ओली, चार धागे तुटलेले. निखिलने तो उचलला आणि तळहातावर धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवत नव्हता.

पलीकडच्या काठावरून ठेकेदाराने हे पाहिलं होतं. तो दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "मिली के?"

निखिल म्हणाला, "मिली जी. बड़ी थी."

ठेकेदार लगबगीने काठाकाठाने आमच्याकडे आला. त्याने निखिलच्या पायाशी पाहिलं, माझ्या खुर्चीखाली पाहिलं, रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. "कहाँ है?" त्याने विचारलं. निखिलने पाण्याकडे बोट दाखवलं आणि पुढच्या फेकीसाठी काठी पुन्हा मागे घेतली.